मोहन बागानची ढाल : 1911 मध्ये कशी मिळाली आणि पुढची 36 वर्षं का हुलकावणी देत राहिली

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की 29 जुलै 1911 ही तारीख येतेच. त्या दिवशी कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड (इंडियन फुटबॉल असोसिएशनची ढाल) जिंकली. बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. ही गोष्ट सहसा चमत्कार म्हणून सांगितली जाते, आणि चमत्कार म्हटला की पुढचं कुणी विचारत नाही. पण एक प्रश्न राहतोच. ज्या क्लबने एवढा पराक्रम केला, त्याला तीच ढाल दुसऱ्यांदा उचलायला 1947 साल का उजाडावं लागलं?

जिंकण्याची कारणं आणि न जिंकण्याची कारणं एकाच पोतडीतून निघतात. त्या पोतडीत आहेत बाद पद्धतीची स्पर्धा, खेळाचे त्या काळचे नियम, लीगचे बंद दरवाजे, कलकत्त्याचा पावसाळा आणि बूट नसलेले पाय. एकेक काढून बघू.

बागेतला क्लब

उत्तर कलकत्त्यातल्या फरियापुकुर भागात कीर्ती मित्र यांचा मोठा बंगला होता, मोहन बागान व्हिला. बंगालीत बागान म्हणजे बाग. या बंगल्याच्या आवारात आसपासच्या मित्र, बसू, सेन अशा घरांतली पोरं खेळायची. 15 ऑगस्ट 1889 रोजी भूपेंद्रनाथ बोस यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली आणि 'मोहन बागान स्पोर्टिंग क्लब' स्थापन झाला. जतींद्रनाथ बसू पहिले सचिव. हेच भूपेंद्रनाथ बोस पुढे 1914 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. क्लब पोरांच्या खेळातून निघाला असला तरी पाठीशी उभे असलेले लोक शहरात वजन असलेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. मैदान मिळवणं, स्पर्धेत नाव घालणं, साहेबाच्या कचेरीत अर्ज पुढे सरकवणं, या सगळ्याला अशी माणसं लागतात.

वर्षभरात नाव बदललं. त्याचं कारण मजेशीर आहे. पहिल्या वर्धापनदिनाला प्राध्यापक एफ. जे. रो हे पाहुणे होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बंदुकीची नेमबाजी होते का? गळ टाकून मासेमारी? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग 'स्पोर्टिंग' कशाला, 'अॅथलेटिक' म्हणा. त्या काळच्या इंग्रजी वापरात 'स्पोर्ट' म्हणजे मुख्यतः शिकार आणि मासेमारी. तेव्हापासून क्लब मोहन बागान अॅथलेटिक क्लब आहे.

बंगल्याच्या आवारातून क्लब श्यामपुकुरला गेला, तिथून श्याम स्क्वेअरला आणि मग शहराच्या मधोमध पसरलेल्या मैदानावर, जिथे गोऱ्यांचे क्लब खेळायचे.

कपांची उतरंड

'कप जिंकला' एवढ्याने काही कळत नाही. कोणता कप ते महत्त्वाचं. तेव्हाच्या कलकत्त्यात स्पर्धांची सरळ उतरंड होती. खाली कूचबिहार कप, ज्यात मुख्यतः देशी संघ असत. त्याच्या वर 1889 पासूनचा ट्रेड्स कप, ज्यात देशी आणि गोरे दोघेही खेळत. सगळ्यात वर आयएफए शील्ड. इंडियन फुटबॉल असोसिएशन 1893 मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी शील्डही सुरू झाली. नाव 'इंडियन' असलं तरी कारभार गोऱ्यांचा होता. पहिल्या दोन्ही वर्षी, 1893 आणि 1894 मध्ये, रॉयल आयरिश रायफल्स या पलटणीने ढाल नेली, आणि 1910 पर्यंत एकाही देशी संघाला ती मिळाली नाही.

देशी संघ गोऱ्यांना हरवूच शकत नव्हते असं मात्र नाही. 1892 मध्येच नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांच्या शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला 2-1 असं हरवलं होतं. एक सामना जिंकता येत होता. अडायचं ते ओळीने पाच जिंकताना.

मोहन बागानने 1893 मध्ये कूचबिहार कपमध्ये पहिल्यांदा भाग घेतला आणि तो जिंकला 1904 मध्ये. म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर अकरा वर्षं गेली. या मधल्या काळातली मोठी घडामोड म्हणजे 1900 च्या सुमारास सुभेदार मेजर शैलेन बसू सचिव झाले. लष्करातला माणूस, पलटणींचे संघ का जिंकतात हे त्याला माहीत होतं. कौशल्यात पोरं कमी नव्हती, दम कमी पडत होता. बसूंनी कसरतीचं आणि सरावाचं वेळापत्रक लावलं.

पुढची फळं पटापट आली. 1905 मध्ये कूचबिहार कप पुन्हा जिंकला आणि कलकत्त्याजवळच्या चिन्सुऱ्याच्या ग्लॅडस्टोन कपमध्ये डलहौसी संघाला 6-1 असं लोळवलं. त्याच वर्षीची आयएफए शील्ड या डलहौसीनेच जिंकली होती. म्हणजे शील्डविजेत्यांना सहा गोल मारणारा संघ अजून शील्डमध्ये खेळतही नव्हता! मग 1906, 1907, 1908 असा सलग तीन वर्षं ट्रेड्स कप. 1909 मध्ये शील्डमध्ये पहिल्यांदा प्रवेश आणि गॉर्डन हायलँडर्सकडून हार. गॉर्डन हायलँडर्सनी 1908 ते 1910 अशी ओळीने तीन वर्षं ढाल आपल्याकडे ठेवली, तेव्हा ती हार लाजिरवाणी नव्हती. 1911 चा विजय अचानक आभाळातून पडला असं म्हणणाऱ्यांनी ही 1904 पासूनची यादी एकदा बघावी.

बाद पद्धतीचं गणित

शील्ड बाद पद्धतीची: हरला की घरी. चांगला संघ कोणता, ते ठरवायला ही पद्धत खरं तर कच्ची आहे. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर सलग पाच फेऱ्या पार करण्याची शक्यता 32 मध्ये 1. तुमचा संघ दर सामन्यात 75 टक्के सरस आहे असं धरलं, तरी पाचही जिंकण्याची शक्यता चारात एकाहून किंचित कमी. म्हणून मोठमोठ्या क्लबांच्या कपाच्या इतिहासात दहा-दहा वर्षांचे दुष्काळ सापडतात. लीगमध्ये एखादी हार भरून काढता येते, कपमध्ये एक ओली दुपार पुरते.

बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआउट नव्हतं. ती पद्धत 1970 नंतरची. तेव्हा बरोबरी म्हणजे दोन-तीन दिवसांनी फेरसामना. फेरसामन्यात दम आणि डोकं दोन्ही लागतं, कारण समोरच्याच्या खोडी आता कळलेल्या असतात आणि आपल्या त्याला.

1911 चे नियम आजचे नव्हते

आजच्या डोळ्यांनी त्या सामन्यांकडे बघितलं की चुका होतात. पहिली गोष्ट, सामना 50 मिनिटांचा होता, 25-25 मिनिटांचे दोन भाग. बुटांतल्या धिप्पाड शिपायांशी अनवाणी पोरांना 90 मिनिटं झुंजावं लागलं असतं तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न रास्त आहे. कमी वेळ हलक्या, चपळ संघाच्या फायद्याचा.

दुसरी गोष्ट ऑफसाइडची. आज पुढे पास देताना आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे किमान दोन खेळाडू लागतात. 1925 पर्यंत तीन लागत. त्यामुळे पुढे लांब चेंडू फेकून धावणं अवघड. चेंडू पायात ठेवून एकेकाला चुकवत जाणं किंवा छोट्या तिरक्या पासांनी पुढे सरकणं, हाच राजमार्ग. हा खेळ बंगाली पायांना मानवणारा होता.

तिसरी गोष्ट गोलरक्षकाची. 1912 पर्यंत गोलरक्षकाला फक्त पेनल्टी क्षेत्रात नव्हे, तर आपल्या संपूर्ण अर्ध्या मैदानात चेंडू हाताळता येत असे. त्याच्या हातात चेंडू असताना त्याला खांद्याने धडक मारणंही नियमात बसत होतं. म्हणून तेव्हाचे गोली धिप्पाड असत आणि वारंवार जखमी होत.

चौथी गोष्ट रचना. सगळेच संघ 2-3-5 खेळत: दोन बॅक, तीन हाफ बॅक, पाच फॉरवर्ड. बागानचा संघ त्याच साच्यात मांडला की नावं लक्षात राहतात. गोलमध्ये हीरालाल मुखर्जी. बॅकला भूती सुकुल आणि सुधीर चॅटर्जी. हाफला मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य. पुढे उजवीकडून डावीकडे कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, बिजयदास भादुरी आणि टोकाला कर्णधार शिबदास भादुरी. डावीकडचे दोघे भाऊ. तीन खेळाडूंच्या ऑफसाइडमध्ये जो छोटा, अचूक पास लागतो, तो एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेल्या भावांकडून चांगला कोण देणार? शिबदास पेशाने सरकारी नोकरीतला गुरांचा डॉक्टर. पोटापाण्याचा उद्योग सगळ्यांचा वेगळा. खेळाचे पैसे कुणालाच मिळत नव्हते.

अनवाणी म्हणजे नेमकं काय

बूट परवडत नव्हते म्हणून अनवाणी, एवढंच सांगून भागत नाही. लहानपणापासून अनवाणी शिकलेल्या पायाला चेंडूचा स्पर्श थेट कळतो. त्या काळचा चेंडू जाड चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला. आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी आवळलेली चामड्याची वादी. कडक, सुक्या मैदानावर असा चेंडू अनवाणी पायाच्या अंगठ्याने, चवड्याने, पंजाच्या बाहेरच्या कडेने हलकेच वळवता येतो. बोटं जमीन पकडतात. उभ्या उभ्या दिशा बदलता येते. बूटवाल्याला तीच वळणं घ्यायला एक पाऊल जास्त लागतं. घोट्याला पट्टी गुंडाळली की बाकी काही लागत नसे.

पाऊस पडला की सगळं उलटं. चामड्याचा चेंडू पाणी शोषतो आणि जड होतो. तो अनवाणी पायाने लांब मारणं म्हणजे चवड्याला मार. शेवाळल्यासारख्या ओल्या गवतावर तळवा घसरतो. बुटाच्या तळाला नियमानुसार अर्ध्या इंचापर्यंत स्टड लावता येत, आणि चिखलात तो अर्धा इंच म्हणजे सगळा फरक. घसरणारा खेळाडू वळू शकत नाही, आणि वळता आलं नाही की ड्रिबलिंग संपलं. उरते ती अंगाची ताकद आणि धडक, तिथे पलटणीचा शिपाई सरस. शिवाय बुटाखाली आलेली बोटं वेगळीच.

आता शील्डचं वेळापत्रक बघा: जुलै आणि ऑगस्ट. गंगेच्या खोऱ्यातला ऐन पावसाळा! अनवाणी संघाच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. 1911 च्या संघात बूट घालणारा एकटा सुधीर चॅटर्जी, आणि तोही बॅक. चेंडू लांब उडवणं आणि अंगावर येणाऱ्याला अडवणं हे त्याचं काम. बूट तिथेच उपयोगी.

जुलै 1911 चे वीस दिवस

10 जुलैला पहिली फेरी, सेंट झेवियर्सविरुद्ध 3-0. 14 जुलैला रेंजर्सविरुद्ध 2-1. इथपर्यंत सामने शहरातल्या संघांशी होते. 19 जुलैला पहिली पलटण समोर आली, रायफल ब्रिगेड. बिजयदासच्या एकमेव गोलवर 1-0.

24 जुलैला उपांत्य फेरी, मिडलसेक्स रेजिमेंट. 1-1 अशी बरोबरी. 26 जुलैला फेरसामना आणि तो बागानने 3-0 असा मारला. माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत सरस खेळ हाच. अंतिम सामन्याच्या झगमगाटात तो झाकला जातो. दोन दिवसांपूर्वी एकेक गोलवर अडलेला संघ त्याच संघाला तीन गोल मारतो आणि एकही घेत नाही, याचा अर्थ पहिल्या सामन्यात समोरच्याचा खेळ कुणीतरी नीट वाचला होता. या लढतीत मिडलसेक्सचा गोलरक्षक पिगॉट याच्या डोळ्याला अभिलाष घोषशी झालेल्या टकरीत इजा झाली. गोलीला धडक देणं तेव्हा नियमात बसत होतं, त्याची ही दुसरी बाजू.

29 जुलैच्या अंतिम सामन्याला कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर किती लोक होते याचे अंदाज 60 हजारांपासून लाखापर्यंत जातात. पण मैदानाला आजच्यासारखं स्टेडियम नव्हतं. फार थोड्यांना काही दिसलं असणार. जिल्ह्या-जिल्ह्यांतून लोक आणायला खास रेल्वेगाड्या आणि नदीवरून स्टीमर सोडले होते. दोन रुपयांचं तिकीट पंधराला गेल्याचं सांगतात. मागे उभे राहणारे लाकडी खोक्यांवर चढून बघत होते, झाडं तर भरलेलीच. ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांच्यासाठी आकाशात पतंग होते. गोल झाला की गोलफलक लिहिलेला पतंग वर चढायचा आणि लांबवर उभ्या गर्दीला स्कोअर कळायचा.

मध्यंतरापर्यंत गोल नाही. दुसऱ्या भागात ईस्ट यॉर्कशायरच्या जॅक्सनने फ्री किकवर गोल मारला. (फ्री किकवरून थेट गोल ग्राह्य धरण्याचा नियम 1903 मध्ये आलेला, म्हणजे तसा ताजाच.) 50 मिनिटांच्या सामन्यात दुसऱ्या भागात मागे पडणं म्हणजे हातात वेळ फारच थोडा. पण शिबदासने डावीकडून आत घुसून बरोबरी साधली. आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना पुन्हा तोच चेंडू घेऊन आत आला. या वेळी सगळे त्याच्याकडे धावले, आणि त्याने चेंडू मध्ये अभिलाष घोषकडे दिला. अभिलाषने तो जाळ्यात धाडला. 2-1.

सहा सामने, वीस दिवस, 12 गोल मारले, 3 खाल्ले. हीरालालने सहापैकी तीन सामन्यांत एकही गोल दिला नाही. आघाडीच्या पाचांचं कौतुक खूप झालं. पण सहा सामन्यांत तीन गोल ही मागच्या सहा जणांची कमाई आहे.

दोन दंतकथा

या विजयाला दोन गोष्टी कायमच्या चिकटल्या आहेत. पहिली म्हणजे मोहन बागान जिंकलं म्हणून इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली. 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात ती घोषणा झाली हे खरं, आणि बंगालची 1905 ची फाळणीही तेव्हाच रद्द झाली. पण याची सरकारी खलबतं जून 1911 मध्येच सुरू होती. शील्डचा पहिला सामनाही तेव्हा व्हायचा होता. फाळणीविरोधी स्वदेशी चळवळीने तापलेल्या शहरात या विजयाला वेगळाच अर्थ आला, हे म्हणणं बरोबर. तो विजय राजधानी हलण्याचं कारण होता, हे बरोबर नाही.

दुसरी अधिक गोड आहे. सामना संपल्यावर गर्दीतल्या कुणा म्हाताऱ्याने सुधीर चॅटर्जीला फोर्ट विल्यम किल्ल्यावरचा युनियन जॅक दाखवून विचारलं, तो कधी उतरणार? उत्तर आलं, बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. आणि दुसरी शील्ड आली ती 1947 मध्ये. गोष्ट सुंदर आहे, पण ती दुसऱ्या विजयानंतर रंगली असणार हे उघड आहे. 36 वर्षांच्या दुष्काळाची कारणं मैदानावरच सापडतात.

बंद दरवाजा

1911 चा शील्डविजेता कलकत्ता फुटबॉल लीगमध्ये नव्हता. संघ कमी पडला म्हणून नव्हे, देशी संघांना तिथे घेतच नव्हते म्हणून. लीग 1898 पासून चालू होती. मोहन बागानला 1914 मध्ये दुसऱ्या विभागात जागा मिळाली आणि 1915 मध्ये पहिल्या विभागात. तिथेही वरच्या विभागात एका वेळी दोनच देशी संघ, अशी अट होती. ही अट मोडली 1925 मध्ये, कलकत्त्याचाच ईस्ट बंगाल क्लब वर आला तेव्हा.

याचा कपशी काय संबंध? थेट संबंध. लीग म्हणजे आठवड्याला एक-दोन दर्जेदार सामने, बूटवाल्यांशी, सगळ्या हवामानात. असा सराव नसलेला संघ कपमध्ये उतरतो तेव्हा तो फक्त आपल्या सर्वोत्तम दिवशी जिंकू शकतो. वाईट दिवस निभावून न्यायची सवय त्याला नसते. 1904 ते 1911 या काळात संघ चढत होता तोवर हे झाकलं गेलं. तो संघ पांगल्यावर उघडं पडलं.

बागानला पुढचा मोठा खेळाडू मिळाला तो बॅक गोष्ठ पाल. त्याला 'चिनी भिंत' म्हणत. 1962 मध्ये पद्मश्री मिळालेला हा पहिला फुटबॉलपटू. तोही अनवाणी. त्याच्या जोरावर 1923 मध्ये बागान शील्डच्या अंतिम फेरीत पोहोचलं. समोर कलकत्ता फुटबॉल क्लब, पायाखाली पावसाने केलेला चिखल. निकाल 0-3. वर अनवाणी पायांबद्दल जे सांगितलं ते एका सामन्यात बघायचं असेल तर हाच. भिंत कितीही भक्कम असो, ती घसरायला लागली की काय उपयोग.

यावर तोड काढली ती दुसऱ्या क्लबने. मोहम्मडन स्पोर्टिंगने 1930 च्या दशकात ओल्या मैदानावर हलके बूट घालून खेळायची सवय संघाला लावली आणि बाहेरगावचे खेळाडू आणले. 1934 ते 1938 सलग पाच वर्षं लीग, आणि 1936 मध्ये शील्डही. बागानच्या नंतर ढाल जिंकणारा हा पहिला देशी संघ. इलाज समोर दिसत असूनही बाकीच्यांनी तो पटकन का उचलला नाही? कारण बूट नुसता विकत घेऊन चालत नाही. पंधरा वर्षं अनवाणी घडलेला पाय बुटात गेला की पहिले काही महिने चेंडू कुठे लागतोय तेच कळत नाही. पहिला स्पर्श जड होतो, चेंडू दोन हात पुढे निसटतो. ज्याची सगळी कमाई पहिल्या स्पर्शावर, तो खेळाडू असा सौदा सहजी करत नाही.

बागानने 1939 मध्ये लीग पहिल्यांदा जिंकली. शील्ड मात्र हुलकावणी देतच राहिली: 1940 च्या अंतिम फेरीत आर्यनकडून 1-4, 1945 मध्ये ईस्ट बंगालकडून 0-1. प्रतिस्पर्ध्यांची नावं बघा. पलटणी मागे पडल्या होत्या, समोर आता देशी क्लब होते. 1946 मध्ये शहरातल्या दंगलींमुळे स्पर्धाच झाली नाही. 1947 मध्ये ईस्ट बंगालला 1-0 हरवून ढाल परत आली, आणि लगेच 1948 मध्येही राहिली. पावसाचा तोटा तोवर कटलेला होता: दोन्ही बाजूंचे बहुतेक पाय अनवाणी असले की चिखल दोघांना सारखाच घसरवतो.

देशाबाहेर तसं नव्हतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला बागानचाच तालिमेरेन आओ भारताचा कर्णधार होता. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 1-2 हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. 1952 च्या हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

मुंबईचा कप

मराठी वाचकाच्या अंगणातली स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप. मुंबईत 1891 मध्ये सुरू झालेला, पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. हाही दीर्घकाळ पलटणींचाच मामला होता. 1923 मध्ये, म्हणजे शील्डचा तो चिखलातला पराभव झाला त्याच वर्षी, मोहन बागान मुंबईत खेळायला आलं आणि थेट अंतिम फेरीत पोहोचलं. एखाद्या देशी संघाने तिथवर मजल मारण्याची ही पहिलीच वेळ. तिथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना 4-1 असं हरवलं. एकाच वर्षात दोन मोठ्या अंतिम फेऱ्या आणि दोन्हींत हार! आकड्यांत हे अपयश दिसतं. त्या काळच्या देशी संघाच्या हिशेबात मात्र 1911 नंतरचा तो सर्वोत्तम हंगाम म्हणावा लागेल.

रोव्हर्स जिंकणारा पहिला देशी नागरी संघ ठरला बंगलोर मुस्लिम्स, 1937 मध्ये. 1950 ते 1954 ही सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी कप सोडलाच नाही. ती साखळी संपल्यावर, 1955 मध्ये, मोहन बागानने मोहम्मडन स्पोर्टिंगला 2-0 हरवून रोव्हर्स पहिल्यांदा नेला. पुढे तो एकूण 14 वेळा त्यांच्याकडे गेला, इतर कुणाहीपेक्षा जास्त.

ड्युरंड कप या आणखी एका जुन्या स्पर्धेची वाट अशीच लांबली. 1925 मध्ये उपांत्य फेरी, शेरवुड फॉरेस्टर्सकडून हार. 1950 मध्ये अंतिम फेरी, हैदराबाद पोलिसांकडून हार. 1953 मध्ये अंतिम फेरीत समोर आली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जी तेव्हा डेहराडूनला होती आणि थोड्याच काळात पुण्याजवळ खडकवासल्याला यायची होती. बागानने 4-0 असा विजय मिळवला. चौसष्ट वर्षांच्या क्लबचा हा पहिला ड्युरंड.

याद्या वाचताना

मोहन बागानच्या कपांचे आकडे दोन ठिकाणी दोन दिसले तर गोंधळून जाऊ नका. संयुक्त विजेतेपदं कशी मोजायची यावर एकमत नाही. 1960 चा ड्युरंड आणि 1961 ची शील्ड, दोन्ही मोहन बागान आणि ईस्ट बंगालला विभागून दिलेली; कुणी ती पूर्ण धरतं, कुणी वेगळी लिहितं. 1952 ची शील्ड तर आणखी अवघड: बागान आणि कलकत्त्याचाच राजस्थान क्लब यांच्यातला अंतिम सामना निकालापर्यंत गेलाच नाही. रोव्हर्सच्या याद्यांत वर्षाचा घोळ असतो, कारण हंगाम दोन सालांत विभागला जातो आणि एकच कप एका यादीत आधीच्या, दुसरीत नंतरच्या सालाखाली सापडतो. आणि जुन्या स्कोअरांपुढे फेरसामन्याची खूण आहे का ते आधी बघावं. 1911 च्या उपांत्य फेरीचा निकाल कुठे 1-1 तर कुठे 3-0 असा छापलेला असतो, आणि दोन्ही बरोबर असतात.